आडवा गज

माझा हात खालच्या कार्डाच्या खटक्यावर होता, आणि हे मला कळलं तेव्हा त्या हातावर आणखी एक हात होता. हरीओमचा. तो जोर लावत नव्हता. तव्यावरची पोळी आपण फडक्याने दाबतो, तेवढाच त्याचा भार होता. "वरचं, मॅडम," तो म्हणाला, "वरचं गेलेलं हाय. खालचं चालू हाय." स्टँडवर एखाद्या बाईला मंगरूळची गाडी पलीकडे लागते असं सांगावं, तसा आवाज. मी म्हटलं, "हो, वरचंच त," आणि हात वर नेला, जणू खालचं नुसतं चाचपून पाहत होते. वरचा खटका उघडला, मेलेलं कार्ड दोन्ही हातांनी ओढून काढलं. हरीओमने खोक्यातून नवं काढून दिलं, ते खाचेत धरून आत सारलं, खटका लावला. नव्या कार्डाचा दिवा आधी पिवळा झाला, मग बराच वेळ लुकलुकत राहिला, मग हिरवा. खोलीत एसीची थंडी होती आणि पंख्यांचा नेहमीचा घुमणारा आवाज होता. सगळं नीट पार पडलं होतं. फक्त कपाटाचं जाळीचं दार किल्लीने उघडल्यापासून हरीओमचा हात माझ्या हातावर येईपर्यंतचं काहीतरी माझ्यापाशी नव्हतं. फार मोठं नसावं. शिवणयंत्राने मध्येच टाका गाळावा आणि कापड पुढे सरकत राहावं, तेवढंच. पण मी कापडवाल्याची मुलगी आहे. गळलेला टाका पुढे काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमच्या दवाखान्यात कुणालाही विचारा, नेटवर्क म्हणजे काय, तर बोट छताला चिकटवलेल्या पांढऱ्या वायफायच्या डबीकडे जाईल. जिन्याखालच्या या खोलीकडे कुणाचं बोट जात नाही. इथे फ्रीजएवढ्या कपाटात एक जाडजूड पेटी आहे. तिला आम्ही मेन स्विच म्हणतो. चिठ्ठी फाडणाऱ्या खिडकीपासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत आणि रस्त्यापलीकडच्या लॅबपासून मागच्या नर्सिंग कॉलेजपर्यंत जे काही एका यंत्रातून दुसऱ्यात जातं, ते सगळं हिच्या पोटातून जातं. या पेटीवर माझा जीव आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. तिला वीज दोन बाजूंनी येते. एक बाजू गेली तर दुसरी सगळा भार उचलते आणि गेलेली बाजू आपण चालू पेटीतून काढून बदलू शकतो. पंख्यांचंही तसंच. पण माझं खरं प्रेम आहे ते तिच्या दोन डोक्यांवर. वरचं कार्ड आणि खालचं कार्ड. वरचं विचार करतं, माहितीचं कुठलं पार्सल कुठल्या वाटेने पाठवायचं ते ठरवतं. खालचं शेजारी जागं बसून वरच्याचा प्रत्येक निर्णय ऐकत असतं, स्वतः एक शब्द बोलत नाही. आणि तारा जिथे खोचलेल्या असतात ती बाकीची कार्डं म्हणजे या पेटीचे हात. त्या हातांपाशी वरच्याने सांगितलेल्या वाटांची एकेक नक्कल असते. म्हणून डोकं पडलं तरी हात थांबत नाहीत, शेवटचं जे सांगितलं होतं त्याप्रमाणे पार्सलं पुढे देत राहतात, आणि तेवढ्यात खालचं कार्ड कारभार हाती घेतं. आज पहाटे कधीतरी हेच झालं होतं. वरचं कार्ड मेलं आणि अख्ख्या दवाखान्यात कुणाची पापणी लवली नाही. मी सकाळी आले तेव्हा खिडकीवरच्या ललिताबाई माझ्यावर तणतणत होत्या, पण त्या प्रिंटर कागद खातो म्हणून. मी मनातल्या मनात त्या पेटीला हात जोडले. इतकं मोठं मरण इतक्या शांतपणे पचवणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

आणि एवढ्यावर ते संपत नाही. डोकं पडतं तेव्हा त्याचं शेजाऱ्यांशी चाललेलं बोलणंही तुटतं. लॅबच्या इमारतीत एक स्विच आहे, कॉलेजात एक. ते आमच्या पेटीशी सारखे बोलत असतात, आहेस का, आहे, आहेस का, आहे. साधी पेटी असती तर ती गप्प झाल्याबरोबर शेजाऱ्यांनी तिचं नाव पुसलं असतं, दुसऱ्या वाटा शोधत धावले असते, आणि ती परत उठली की पहिल्यापासून ओळखपाळख. तोवर लॅबचे रिपोर्ट अधांतरी. आमची पेटी तसं होऊ देत नाही, कारण तिने धडधाकट असतानाच शेजाऱ्यांना सांगून ठेवलेलं असतं: मला असं कधी कधी होऊ शकतं. मी बोलेनाशी झाले तर लगेच माझं नाव पुसू नका. इतका वेळ थांबा. पार्सलं पाठवत राहा, माझे हात चालू असतील. आणि शेजारी थांबतात. नुसते थांबत नाहीत, बाकीच्या जगाला कळूही देत नाहीत की हिचं डोकं ठिकाणावर नाही. ठरलेली मुदत उलटली तरच ते तिला सोडतात. ज्या माणसांनी हा करार पहिल्यांदा लिहिला त्यांच्या घरी कुणीतरी आजारी असलं पाहिजे, असं मला नेहमी वाटतं. निरोगी माणसाला हे सुचायचं नाही.

एक मात्र आहे. वरचं मेल्यानंतर नवं बसेपर्यंत सगळा संसार एकट्या खालच्यावर असतो. त्या वेळात आपण उघड्यावर. आणि नेमक्या त्याच वेळात माझा हात त्या एकट्या जिवंत कार्डाच्या खटक्यावर होता. मी तो ओढला असता तर लगेच कुणी मेलं असतं असं मी म्हणणार नाही, उगाच रंगवून सांगण्याचा माझा स्वभाव नाही. खाटेशेजारची यंत्रं आपली आपण चालत राहतात. पण अतिदक्षता विभागात ज्योत्स्ना सिस्टर एका पडद्यासमोर बसून सगळ्या खाटांचे ठोके एकदम पाहते. तो पडदा काळा झाला असता, आणि तिला एका खाटेपाशी उभं राहून दुसऱ्या खाटेचं काय चाललंय ते कळलं नसतं. पेटी पुन्हा पहिल्यापासून उठेपर्यंत ती बिचारी खाटांमधून धावत सुटली असती. मेलेलं कार्ड खोक्यात भरताना माझ्या डोळ्यांसमोर तिच्या पांढऱ्या चपला येत राहिल्या.

हे पहिल्यांदा घरी झालं होतं. मी सकाळचं पाणी गाळत होते. आमच्याकडे अजून कपड्यातून गाळूनच पाणी भरतात, मी ते करताना डोक्यात दिवसाची कामं लावून घेते. कळलं तेव्हा पायांना पाणी लागत होतं. हंडा भरून वाहिला होता, गाळणं माझ्या हातात पिळलेलं होतं, आणि ते मी कधी पिळलं ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा स्कूटीवर. कापसाचा एक ट्रॅक्टर समोरून येत होता, मग तो मागे गेलेला होता. मधलं नव्हतं. मी गाडी कडेला लावली आणि तिच्या सीटवर हात ठेवून उभी राहिले, ऊन अंगावर घेत. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. झटक्याचाच एक प्रकार, पण पडणार नाही, तोंडाला फेस येणार नाही. "तुम्ही हजर दिसाल आणि हजर नसाल," ते म्हणाले, "हात जे करत होते ते कदाचित करत राहतील." हे मी नव्या पोरांना शिकवते, हेच्या हेच. डॉक्टरांना ते कसं सांगणार. त्यांनी गोळ्या दिल्या, गाडी बंद करायला सांगितली, आणि कामाच्या ठिकाणी कल्पना देऊन ठेवा म्हणाले. गोळ्या मी नेमाने घेते. स्कूटी बंद केली आणि दवाखान्यात सांगितलं, गुडघा दुखतो. तिसरी गोष्ट राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. मूठ उघडली की आत काय आहे ते दिसतं हे तर खरंच, पण ती झाकून ठेवली की हात दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, हे कुणी सांगत नाही.

का नाही सांगितलं? कारण मला लोकांची नजर माहीत आहे. माझं लग्नाचं राहून गेलं. पुण्याची चांगली नोकरी सोडून बाबांसाठी परत आले, आणि गावाने मला एकाच कारणासाठी मान दिला, की फूलचंद सेठच्या चंदनाचं डोकं लय तेज आहे. बाकी माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नाही, आणि आता त्या डोक्यालाच भोकं पडलेली. जिन्याखालच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. ती हळूच, गोड बोलून काढून घेतील. तुम्ही आराम करा मॅडम. सुपरिंटेंडेंट साहेब तर भला माणूस आहे, तो आणखीच गोड बोलेल. मला त्या गोडव्याची भीती वाटत होती, आजाराची तेवढी नाही. आणि रविवारी तर मोठं काम होतं. पेटी चालू ठेवून तिचं सॉफ्टवेअर बदलायचं, आधी एका डोक्याचं, मग कारभार त्याच्याकडे देऊन दुसऱ्याचं, आणि या सगळ्यात एकाही खाटेचा ठोका गळू द्यायचा नाही. हे काम मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते, एखादी बाई लेकीचं लग्न घोळवते तसं.

हरीओमने पाहिलं होतं का? दिवसभर मला हाच एक किडा चावत राहिला. हात चुकला असं त्याला वाटलं असेल, तर गोष्ट वेगळी. हात कुणाचाही चुकतो. पण तो जर माझ्या चेहऱ्याकडे पाहत असेल, तर त्याने काय पाहिलं? तो चेहरा मी कधीच पाहू शकणार नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी तो पाहिलाय, हे मला नागडं झाल्यासारखं वाटत होतं. हरीओम किन्हीराजा गावचा. इथे खोली घेऊन बायको-लेकीसह राहतो, सुट्टीला गावी जाऊन सोयाबीन पाहून येतो. माझ्या हाताखाली आला तेव्हा तारेची टोकं चावून सोलायचा, मी ओरडून ती सवय मोडली. एरवी दुपारी आम्ही बरोबर डबा खातो. आज तो आला, डबा उघडला, आणि बोलला ते लेकीच्या, संस्कृतीच्या, शाळेतल्या नाटकाबद्दल. "सगळ्या पोरी कापसाचं बोंड झाल्या. आमच्या संस्कृतीले केलं बोंडअळी. कालपासून रडून राह्यली." मी हसले. तोही हसला. मी त्याच्या हसण्यात काहीतरी शोधत होते, जसं आपण डाळीत खडा शोधतो, सापडू नये अशी इच्छा धरून. "तिले सांग," मी म्हटलं, "नाटकात अळीच लक्षात राह्यते, बोंडं कोण मोजते." तो म्हणाला, "हे म्या सांगतलं, पन तिले अळी म्हनून लक्षात राह्याचं नाही." मग त्याने डबा धुतला आणि ओपीडीत तार बदलायला निघून गेला. दारात क्षणभर थांबला की मला तसं वाटलं, कोण जाणे.

दुपारच्या त्या रिकाम्या वेळी मला गज आठवला. कारंज्यात आमचं कापडाचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. आता तिथे मोबाइलवाला आहे. बाबा रोज दुपारी मंदिरात स्वाध्यायाला जात, शास्त्राचं वाचन असे, आणि त्यासाठी त्यांनी दुकानाची फळी कधी लावली नाही. कापड मोजायचा लोखंडी गज ते उंबऱ्यावर आडवा टाकत. बस. दुकान उघडं, थानं मांडलेली, गल्ल्याला साधी कडी, आणि उंबऱ्यावर तो एक गज. म्हणजे सेठ येतोय. अख्ख्या बाजारात त्या आडव्या गजाच्या पलीकडे कुणी पाऊल टाकत नसे, मोकाट वळूसुद्धा वास घेऊन पुढे जातो असं लोक सांगत, यातला वळूचा भाग मी पाहिलेला नाही. पण गज टाकण्याआधी बाबा समोरच्या दोर-ताडपत्रीच्या दुकानाकडे तोंड करून हाक देत, "किसनसिंग, येतो रे." ही हाक महत्त्वाची. कारण त्यानंतर बाबांचं दुकान किसनसिंगकाका सांभाळायचे, आपल्या जागेवरून न उठता. अनसिंगहून लग्नाचं कापड घ्यायला कुणी आलं, की इकडून आवाज, "बसा, बसा, फूलचंद आता येते. पानी घ्या." गिऱ्हाईक बसायचं, दुसऱ्या दुकानात जायचं नाही. काका कधीकधी उत्साहात भावही सांगून टाकत, तोही चुकीचा, निम्मा. बाबा परत आल्यावर तो भाव निमूट पाळत, आणि गिऱ्हाईक गेल्यावर काकांना म्हणत, "लेका, तू ताडपत्री वीक." दोघांचं त्यावरून वर्षानुवर्षं चाललं, दोस्ती तुटली नाही.

आणि मग तो एक दिवस. मी शाळेतून आले तर दुकान सताड उघडं, खणाचं कापड अर्धं कापून कात्री त्यातच तोंड वासून पडलेली, आणि बाबा नाहीत. गजही नाही, म्हणजे उंबऱ्यावर नाही. तो आपला थानांवर उभा. कापड कापता कापता बाबांना चक्कर आली होती. ती कुणाला दिसू नये म्हणून ते मागच्या दाराने निघाले आणि मंदिराच्या ओवरीत थंड फरशीवर गाल टेकून पडून राहिले. हे सगळं मागाहून कळलं. तोवर बाजाराने आपली कथा रचली होती. गिऱ्हाइकं आली, हाका मारून गेली, समोरच्या गल्लीत जाऊन खरेदी करून मोकळी झाली. किसनसिंगकाका दोनदा उंबऱ्यापर्यंत आले आणि परत गेले, कारण त्यांना कुणी येतो म्हटलं नव्हतं, मग गिऱ्हाइकाला बसा कोणत्या तोंडाने म्हणणार. दिवस कलायला आला तेव्हा फूलचंदने दुकान काढलं अशी बातमी फिरून आमच्यापर्यंत आली, आणि एक जण चक्क लाकडी फळ्या विकता का म्हणून विचारायला उभा राहिला. बाबा आले ते भिंत धरत. माझी आई, प्रेमाबाई, रडायला लागली. काका मात्र भडकले. "गज काहून नाही टाकला?" ते म्हणाले. "मले काहून नाही सांगतलं? फूलचंद, तू मेला असता तरी मी गिऱ्हाईक बसवून ठेवलं असतं, फक्त गज टाकून मराचं होतं." बाबा त्याही स्थितीत हसले. मीही हसले होते, कारण मोठी माणसं हसत होती. त्यातलं किती खरं होतं ते आज दुपारी, जिन्याखालच्या खोलीत, माझ्या अंगावर आलं. काकांना चक्करेचा राग नव्हता. ती लपवल्याचा होता. ज्याच्यासाठी आपण थांबायला तयार आहोत, त्याने थांब म्हणून सांगायलाही नको का?

मी काही फार मोठी ज्ञानी झाले अशातला भाग नाही. ही पेटी कशी जगते ते मी पोरांना फळ्यावर काढून दाखवते, आणि स्वतः मात्र एक साधी, हट्टी, मुकी पेटी होऊन बसले होते. आणखी एक गोष्ट माझी मलाच टोचली. मी दिवसाउजेडी जेवते, अंधार पडल्यावर पाणीसुद्धा नाही. हे मी इथे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, जरा तोऱ्यातच. त्यानंतर आजवर कुणी माझी मीटिंग उन्हं उतरताना लावलेली नाही. हिवाळ्यात तर मी फारच लवकर ताटावर बसते, आणि त्या वेळात फोन वाजला की हरीओम तो परस्पर उचलतो. "मॅडम जेवून राह्यल्या, मले सांगा." मी त्याला हे कधी शिकवलं नव्हतं. माझं रोजचं एक नसणं या दवाखान्याने इतक्या सहज पोटात घातलं, आणि दुसरं मी त्यांच्या पुढ्यात ठेवायलाच तयार नव्हते. धर्माचं होतं म्हणून ते सांगायला मान ताठ होती, आजाराचं म्हणून ती खाली. एवढाच फरक.

उन्हं खिडकीच्या गजांवरून भिंतीवर सरकली तशी मी टेबलावर डबा उघडला. घरी जायला वेळ नव्हता, रविवारच्या कामाची उजळणी करायची होती. हरीओम हातात तारेचं भेंडोळं घेऊन आला आणि माझं जेवण दिसल्यावर मागे वळला. मी म्हटलं, "बस." तो बसला. पंखे आत घुमत होते.

"सकाळी," मी म्हटलं, "माहा हात चुकला नव्हता, हरीओम. मी तिथं नव्हतीच."

तो भेंडोळ्याचं टोक शोधत होता, ते त्याने सोडून दिलं. मी सगळं सांगितलं. पाण्याचा हंडा, ट्रॅक्टर, अकोल्याच्या तारा, गोळ्या. सांगताना माझा आवाज कुणा तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसा निघत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "मंग गुडघा?"

"गुडघा ठणठणीत हाय."

"आमच्या मायनं तुमच्यासाठी गावाहून तेल पाठवलं होतं," तो म्हणाला.

"लावलं मी. लाजंनं लावलं. चांगलं हाय तेल."

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं, मग दाबलं नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या गोष्टीवर कुणी हसलं होतं.

"रविवारी तूच कर," मी म्हटलं. "मी उद्या साहेबाइले सांगीन. खोलीची किल्ली तुह्यापाशी राहू दे."

"काहून?" हरीओम म्हणाला. त्याने ते रागाने नाही विचारलं, खरंच काही कळलं नाही म्हणून विचारलं. "काम तुमीच करा. तुमाले येते, मले अर्धंच येते. मी बाजूले बसतो." सकाळपासून त्याच्या मनात जे होतं ते आता त्याने बाहेर काढलं, हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं. "फक्त एक सांगून ठेवा. किती वेळ थांबाचं?"

"म्हनजे?"

"तुमी गेल्या, त वापस याले किती वेळ लागते? तेवढा वेळ मी कशाले हात लावनार नाही, तुमालेही लावू देनार नाही. त्याच्या वर गेलं त मंग पुढचं मी करतो, आन ज्योत्स्ना सिस्टरले आवाज देतो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वेळा तर माझ्या जिभेवर असतात. पेटीचं डोकं पडल्यावर खालच्याने उठायला किती, शेजाऱ्यांनी थांबायचं किती, झोपेतून उठवून विचारा. आणि माझ्या लक्षात आलं की माझं मला ठाऊक नाही. ठाऊक असणं शक्यच नाही. आतून पाहिलं तर मध्ये काही नसतंच, हा टाका आणि पुढचा टाका एकमेकांना चिकटलेले असतात. मी किती वेळ नव्हते हे माझ्याखेरीज कुणालाही सांगता येईल, मला नाही. इतके दिवस मी जी मूठ झाकून बसले होते, तिच्यात काय आहे ते मलाच दिसत नव्हतं. मला भीती वाटली, अगदी खरी. आणि त्याच वेळी समोर बसलेल्या या माणसाबद्दल इतकं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

"मले नाही माहीत," मी म्हटलं. या खोलीत हे वाक्य मी आजवर उच्चारलं नव्हतं.

हरीओमने मान हलवली. त्याला ते फारसं विशेष वाटलं नसावं. "सकाळी मी घाबरलो," तो म्हणाला, "म्हनून घडीकडे पाह्यलंच नाही. पुढच्या बारीले पाहून ठेवतो." आणि डब्याकडे बोट दाखवून तारेचं टोक शोधायला लागला. "तुमी जेवा पह्यले. दिवस बुडून राह्यला."